१६ मिलिसेकंदांतलं कुलूप

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून तुर्भ्याकडे निघालं की डाव्या हाताला पारसिकच्या डोंगरापर्यंत एमआयडीसीचा पट्टा लागतो. ट्रान्स ठाणे क्रीक, म्हणजे टीटीसी, हे त्याचं कागदोपत्री नाव. सिडकोने १९७० नंतर नवी मुंबई वसवायला घेतली, हा पट्टा त्याच्याही आधीचा. कितीतरी वर्षं लोकांनी तो रसायनांच्या वासावरून ओळखला. आज त्याच भूखंडांवर खिडक्या नसलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. आत माणसं मोजकी, बाहेर रांगेने डिझेल जनरेटर आणि छतावर शीतकरणाची यंत्रं. रबाळ्यात सिफी, महापेत कंट्रोलएस आणि एनटीटी, आणि पुढे पनवेलला २०२० च्या जुलैमध्ये सुरू झालेलं योट्टाचं ‘एनएम-१’, ज्याची आखणी ७,२०० रॅकची आहे. ही सगळी डेटा सेंटरं. बँकांची खाती, शेअर बाजाराचे सौदे, सरकारी नोंदी यांच्यासाठी ती बांधली गेली असं आपण समजतो, आणि ते खरंही आहे. पण अशाच इमारतींतल्या सर्व्हरांवर रोज संध्याकाळी लाखो मुलंमुली खेळत असतात.

काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट उघडलं की सर्व्हरांच्या यादीत ‘मुंबई’ हे नाव दिसतं. त्या एका शब्दाचं मोल नागपूरच्या किंवा नांदेडच्या खेळाडूला विचारावं. काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन परत यायला, वाटेत कुठेही न थांबता, ३९ मिलिसेकंद लागणारच. केबल श्रीलंकेला वळसा घालून जाते, मध्ये राउटर लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा ६० च्या आसपास किंवा वर जातो. हाच तो ‘पिंग’. नागपूर-मुंबई अंतर याच हिशोबाने जाऊन-येऊन जेमतेम सात मिलिसेकंदांचं आहे. व्हॅलोरंट २०२० च्या जूनमध्ये बाजारात आला तेव्हा भारतातल्या खेळाडूंना सिंगापूरच गाठावं लागे. काही महिन्यांनी मुंबईचा सर्व्हर सुरू झाला, आणि ‘मी आधी गोळी मारली होती, तरी मीच मेलो’ ही तक्रार निम्म्यावर आल्यासारखी वाटली. प्रकाशाचा वेग कुणाला वाढवता येत नाही. सर्व्हर जवळ आणता येतो.

या सर्व्हरांकडे मी एका वेगळ्याच कारणाने पाहतो. संगणकावरच्या खेळाचा चाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे एका कुलपाचा प्रवास आहे. ते कुलूप आधी फ्लॉपीत होतं, मग छापील पुस्तिकेत, मग सीडीत, मग खेळाच्याच आज्ञावलीत. आणि आता ते अशा बिनखिडक्यांच्या इमारतींत येऊन बसलं आहे. ते का सरकत गेलं याचं उत्तर एका आकड्यात आहे. तो आकडा म्हणजे १६.

पडद्यावरचं चित्र हलतं असं वाटावं म्हणून संगणक सेकंदाला ६० स्थिर चित्रं काढतो. एका चित्राला, म्हणजे फ्रेमला, १६.६७ मिलिसेकंद मिळतात. साध्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवायचे. शिवाय त्याच वेळात पात्राचे पाय जिन्याच्या पायरीवर नीट टेकवायचे, शत्रूने कुठे वळायचं ते ठरवायचं, पडलेला पिंप उतारावरून कसा गडगडेल ते काढायचं, आवाज मिसळायचे, माउसची हालचाल वाचायची. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घेतला तर हे सगळं सात मिलिसेकंदांच्या आत. एखादी फ्रेम २० मिलिसेकंदांवर गेली तरी डोळ्याला झटका जाणवतो. सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला फ्रेम, ९० दिसत असूनही खेळ अडखळतो, त्याचं कारण हेच: सरासरी उत्तम असते, पण मधल्या चार फ्रेम उशिरा आलेल्या असतात.

खेळ ‘ऑप्टिमाइझ’ करणं म्हणजे या मिलिसेकंदांची काटकसर. लांबचा किल्ला हजारो त्रिकोणांऐवजी शे-दोनशे त्रिकोणांत काढायचा आणि खेळाडू जवळ आला की गुपचूप बदलायचा. भिंतीमागची खोली काढायचीच नाही. झाडांची सावली एकदाच मोजून ठेवायची. सगळ्या युक्त्यांच्या मुळाशी एकच सूत्र आहे: जे दिसणार नाही त्यावर वेळ घालवू नये. हे सूत्र वाचकाने लक्षात ठेवावं, कारण पुढे सुरक्षेच्या गोष्टीत ते पुन्हा भेटणार आहे.

आपल्याकडचं याचं ठळक उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा चमूने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ अनरिअल इंजिनवर केला. २०१७ साली लोकवर्गणीची मोहीम फसली, तरी त्यांनी काम सोडलं नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो निन्टेंडो स्विचवर आला आणि १५ ऑक्टोबरला पीसीवर. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या गटात त्याला नामांकन होतं. स्विच हे हातात मावणारं यंत्र, त्याची एकूण मेमरी चार जीबी. राजस्थानी धाटणीचे महाल, कोरीव खांब, पाणी, धुकं हे त्यात बसवणं सोपं नव्हतं. खेळात कॅमेरा खेळाडूच्या हाती दिलेला नाही, तो निर्मात्यांनी ठरवल्याप्रमाणे फिरतो. याने दृश्याला चित्रासारखी रचना येते, आणि कुठल्या क्षणी नेमकं काय दिसणार हे आधीच ठाऊक असल्याने बाकीचं वगळता येतं. कलेची निवड आणि यंत्राची काटकसर एकाच निर्णयात साधली की मला त्या चमूचं मनापासून कौतुक वाटतं.

पीसीवर काम आणखी अवघड होतं. स्विच सगळे सारखेच. वाशीतल्या तीन शेजाऱ्यांचे पीसी मात्र सारखे नसतात. एकाकडे एनव्हिडियाचं कार्ड, दुसऱ्याकडे एएमडीचं, तिसऱ्याकडे जुना लॅपटॉप. ठिपक्यांचे रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे शेडर, प्रत्येक कार्डासाठी त्याच यंत्रावर नव्याने संकलित करावे लागतात. ते काम खेळ चालू असताना झालं की नव्या खोलीत पाऊल टाकताच चित्र गोठतं. आधीच करायचं म्हटलं तर सुरुवातीला थांबावं लागतं. ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला भाग २०२३ च्या मार्चमध्ये पीसीवर आला तेव्हा खेळाडू पहिल्या पडद्यावर ताटकळत बसले होते ते याचमुळे.

आता कुलपाकडे वळू.

आपल्या पिढीने पहिलं कुलूप पाहिलं ते ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त. १९८९ चा हा खेळ. पहिली पातळी पार झाली की एका दालनात कुप्यांची रांग येई आणि वर अक्षरं. पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या, तमुक ओळीतल्या, ठरावीक शब्दाचं पहिलं अक्षर शोधायचं आणि त्या अक्षराखालची कुपी प्यायची. चुकत राहिलात तर राजपुत्र मेला. भारतात हा खेळ घरोघरी पोहोचला तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर; पुस्तिका क्वचितच कुणी पाहिली. झेरॉक्सचा कागद किंवा कुलूप काढून टाकलेली प्रत, दोन्हींपैकी एक बरोबर फिरे. ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हे तेव्हा अर्ध्या महाराष्ट्राचं संगणकाचं माहेर. मदरबोर्ड घ्यायला गेलेला माणूस येताना खिशात चार खेळ घेऊन येई.

या नकलांबरोबर दुसरंही काही येत होतं. पीसीचा पहिला व्हायरस मानला जातो तो ‘ब्रेन’, १९८६ चा, लाहोरच्या अल्वी बंधूंचा. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची चोरी कुठवर जाते ते पाहण्यासाठी तो लिहिला, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे व्हायरसांची ही वंशावळही एका कुलपापासूनच सुरू होते. १९९१ मध्ये ‘मायकेलअँजेलो’ आला. तो ६ मार्चला जागा होई आणि डिस्कवरच्या माहितीवर नांगर फिरवी. अशा फ्लॉप्या पुण्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात येत होत्या. दुकान कैलाश काटकर यांचं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचं हे कुटुंब. कैलाश यांनी दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम धरलं, धाकटे भाऊ संजय यांना संगणक शिकायला लावलं. संजय यांनी व्हायरस काढण्याची साधनं लिहायला घेतली आणि १९९५ मध्ये त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. पुढे २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. नकललेल्या फ्लॉपीची किंमत शून्य नसते, हे या दोन भावांनी रोज दुकानात पाहिलं आणि त्यावरच उत्तर शोधलं.

मराठी छपाईच्या जगालाही कुलूप चांगलंच ठाऊक आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं ‘श्रीलिपी’ ज्यांनी वापरलं त्या डीटीपीवाल्यांना संगणकामागच्या प्रिंटरच्या खाचेत बसवलेला तो अंगठ्याएवढा डोंगल आठवेल. तो असेल तर अक्षरं उमटणार, नाहीतर नाही. प्रिंटरची केबल त्याच्याच पाठीला लागे. दिवाळी अंकाच्या ऐन घाईत डोंगल सैल झाला की काम अडे, आणि तो हरवला तर दुकानच बंद. पण एक गोष्ट या डोंगलच्या बाजूने सांगायला हवी: तो टाइपसेटरच्या वेगाला हात लावत नसे. अक्षर जुळवणाऱ्या माणसाला सेकंदाला ६० पानं रंगवायची नसतात. खेळाची गोष्ट इथेच वेगळी होते.

सीडीच्या काळात कुलूप चकतीवर गेलं. सेफडिस्क, सिक्युरॉम, स्टारफोर्स ही त्या काळची नावं. चकतीवर मुद्दाम अशा खुणा ठेवलेल्या असत ज्या घरच्या रायटरवर उतरत नसत; खेळ सुरू होताना त्या आहेत ना, एवढं तपासलं जाई. तपासणीसाठी सेफडिस्क विंडोजच्या गाभ्यात स्वतःचा एक ड्रायव्हर बसवी. त्या ड्रायव्हरमध्येच पुढे सुरक्षेची भोकं सापडली. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधून त्याचा आधार काढून घेतला आणि जुन्या विंडोजवरही तो बंद केला. परिणाम असा की ज्यांनी इमानेइतबारे पैसे मोजून चकत्या घेतल्या होत्या त्यांच्याच चकत्या चालेनाशा झाल्या, आणि क्रॅक केलेल्या प्रती चालत राहिल्या. मला यातला अन्याय आजही खटकतो.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं आणि हक्क बुडवण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणं हाही गुन्हा ठरला. दुसरीकडे, रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची राखीव प्रत ठेवायला कायदा मोकळीक देतो.

पण चोरी कमी झाली ती प्रामुख्याने सोयीमुळे. व्हॉल्व्ह कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी ‘स्टीम’ सुरू केलं. पुढच्या वर्षी ‘हाफ-लाइफ २’ खेळायचा तर स्टीमवर खातं उघडावंच लागलं. लोक चिडले होते. पण खेळ खात्यात कायम राहू लागले, सुधारणा आपोआप येऊ लागल्या, सेव्ह केलेला खेळ दुसऱ्या संगणकावर मिळू लागला. चोरी ही किमतीपेक्षा सेवेची अडचण आहे, असं व्हॉल्व्हचे गेब न्यूवेल सांगत आले आहेत. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये स्टीमवर किमती रुपयांत आल्या. डॉलरचं कार्ड नसलेल्या कॉलेजच्या मुलाला तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने खेळ विकत घेता आला.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. ‘गेम डेव्ह टायकून’ हा एक छोटा खेळ. २०१३ मध्ये निर्मात्यांनी प्रयोग म्हणून त्याची एक क्रॅक केलेली प्रत स्वतःच वाटली. पहिल्या दिवशी २१४ जणांनी खेळ विकत घेतला आणि ३,१०४ जणांनी फुकटची प्रत उतरवली. त्या प्रतीत खेळाडूची काल्पनिक कंपनी चोरीमुळे बुडत असे. दोन-चार माणसांच्या चमूने वर्षभर खपून केलेल्या कामाचं हे होत असेल तर कुलूप हवं असं वाटणं चूक कसं म्हणता येईल?

मोठ्या कंपन्यांनी २०१४ पासून डेनुव्होची वाट धरली. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचं हे तंत्रज्ञान. २०१८ मध्ये इर्डेटोने ते विकत घेतलं. त्याचं काम असं चालतं. खेळातल्या काही आज्ञा उचलून त्या एका बनावट प्रोसेसरच्या भाषेत लिहिल्या जातात. तो बनावट प्रोसेसर खेळाच्याच पोटात असतो. पहिल्यांदा खेळ चालू केला की तुमच्या संगणकाच्या भागांवरून एक खूण तयार होते, ती कंपनीच्या सर्व्हरकडे जाते, आणि तिथून फक्त त्याच संगणकावर लागू पडेल अशी किल्ली येते. क्रॅक करणाऱ्याला ही गुंतागुंत महिनोन्‌महिने उलगडत बसावं लागतं. कंपनीला हवे असतात विक्रीचे पहिले काही आठवडे, आणि तेवढे बहुतेकदा मिळतात.

मात्र जिथे खरा प्रोसेसर एका झटक्यात आज्ञा उरकतो तिथे बनावट प्रोसेसरला शेकडो पावलं टाकावी लागतात. अशी आज्ञा खेळाच्या मेनूत असेल तर कुणाला कळणारही नाही. ती दर फ्रेमला चालणाऱ्या कामात सापडली तर त्याच १६ मिलिसेकंदांतून तिचा वाटा जातो. २०२१ मध्ये कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट इव्हिल व्हिलेज’चं तसंच झालं. शत्रूवर गोळी झाडताना, माश्यांसारख्या राक्षसिणी अंगावर येताना, चित्र अडखळे. क्रॅक झालेली प्रत बाहेर आली तेव्हा तिच्यात तो अडखळा नव्हता; खेळांचं तांत्रिक परीक्षण करणाऱ्या डिजिटल फाउंड्रीच्या तपासणीतही तेच दिसलं. कॅपकॉमने जुलैमध्ये दुरुस्ती दिली आणि चोरीविरोधी तंत्रात फेरबदल केल्याचं तिच्या टिपणात नमूद केलं. कुलूप बसवताना ते दाराच्या नेमक्या कुठल्या बिजागरीवर बसतंय याची मोजणी झाली नाही, तर ती किंमत खेळ विकत घेणारा भरतो.

मिलिसेकंद कुठे गळतात हे शोधणं किती चिकाटीचं काम आहे, याचा सर्वांत सुंदर दाखला ‘जीटीए ऑनलाइन’चा. हा खेळ सुरू व्हायला सहा-सहा मिनिटं लागत आणि वर्षानुवर्षं लोकांनी ते नशीब म्हणून स्वीकारलं होतं. २०२१ च्या सुरुवातीला एका खेळाडूने पाहिलं की या सगळ्या वेळात प्रोसेसरचा फक्त एकच कोअर राबतो आहे. खेळाची फाइल गोंधळ घालून झाकलेली होती, म्हणून त्याने चालत्या खेळाची मेमरीच उतरवून घेतली आणि आतलं वाचलं. दुकानातल्या वस्तूंची यादी दहा एमबींच्या एका मजकुरात होती, सुमारे ६३ हजार नोंदी. प्रत्येक नोंद वाचण्याआधी प्रोग्राम उरलेल्या मजकुराची लांबी शेवटपर्यंत मोजत होता. पारायणाला बसलेल्या माणसाने प्रत्येक ओवीआधी उरलेली सगळी पोथी अक्षर-अक्षर मोजावी, तसं. त्यावर, वाचलेली प्रत्येक नोंद आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहिली जात होती: जवळपास १९८ कोटी तुलना, आणि त्याही निष्कारण, कारण नोंदी मुळात वेगवेगळ्याच होत्या. या दोन जागा दुरुस्त केल्यावर वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला. खेळाची निर्माती कंपनी रॉकस्टारने ती दुरुस्ती खेळात घेतली आणि सुरक्षेतल्या त्रुटी कळवणाऱ्यांसाठी असलेल्या बक्षीस योजनेतून त्याला दहा हजार डॉलर दिले. झाकलेलं उघडून पाहणारा प्रत्येक जण चोर नसतो, हे एका मोठ्या कंपनीने पैसे मोजून मान्य केलं याचं मला फार अप्रूप आहे.

ऑनलाइन खेळात प्रश्न वेगळा. तिथे खेळ बहुधा फुकट असतो. चोरी होते ती विजयाची. समोरच्याच्या डोक्यावर आपोआप नेम धरणारा एमबॉट, भिंतीपलीकडचं दाखवणारा वॉलहॅक. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी शांघायमध्ये काउंटर-स्ट्राइकच्या आशियाई स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या भारतीय संघाचा सामना चालू होता. एका खेळाडूची हालचाल संशयास्पद वाटली म्हणून पंचांनी त्याचा संगणक तपासला. आत ‘वर्ड’ अशा निरुपद्रवी नावाने दडवलेला नेम धरणारा प्रोग्राम सापडला. संघ बाद झाला, मालकांनी संघच मोडला, खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. बाकीचे चार जण निर्दोष होते. भारतीय काउंटर-स्ट्राइकवर त्या दिवशी बसलेला डाग पुसायला त्यांच्यासारख्या अनेकांना वर्षं द्यावी लागली.

चीट रोखण्यासाठी कंपन्यांनी पहारेकरी विंडोजच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, बसवायला घेतला. व्हॅलोरंटचा ‘व्हॅनगार्ड’ संगणक सुरू होतानाच जागा होतो. खेळ नंतर उघडला जातो. विंडोज ११ वर तो टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो, म्हणून जुना असेंबल केलेला पीसी असलेल्याला बायोसमध्ये शिरून सेटिंग बदलावं लागतं. कर्नेलमधल्या प्रोग्रामला सगळं दिसतं, हीच त्याची ताकद आणि हाच धोका. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’च्या पहारेकरी ड्रायव्हरचं उदाहरण भीतिदायक आहे: २०२२ मध्ये खंडणीखोरांनी तो अधिकृत सही असलेला ड्रायव्हर उचलून भलत्याच संगणकांवर नेला आणि त्याच्याच हाताने अँटिव्हायरस मारले. त्या संगणकांवर तो खेळ असण्याचीही गरज नव्हती. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने ८५ लाख विंडोज संगणक कोसळले आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास निघाले, तो प्रोग्रामही कर्नेलमधलाच. खेळासाठी एवढी मोठी किल्ली परक्याच्या हाती द्यावी का, हा प्रश्न मला रास्त वाटतो. माझं उत्तर असं की बँकेची कामं होतात त्या संगणकावर देऊ नये.

खरा चमत्कार सर्व्हरच्या बाजूला घडला. व्हॅलोरंटच्या सर्व्हरला प्रत्येक खेळाडू कुठे उभा आहे हे माहीत असतं. पूर्वीच्या अनेक खेळांत ही माहिती सगळ्यांच्या संगणकांकडे जाई आणि भिंतीमागचा शत्रू फक्त चित्रात काढला जात नसे. वॉलहॅक तीच माहिती वाचून दाखवी. व्हॅलोरंटमध्ये सर्व्हर दृष्टिरेषा तपासतो आणि शत्रू दिसण्याची वेळ येईपर्यंत त्याची जागा पाठवतच नाही. कोपऱ्यावरून तो अचानक उगवल्यासारखा दिसू नये म्हणून माहितीच्या प्रवासाचा वेळ धरून ती किंचित आधी निघते, एवढंच. जे दिसणार नाही ते काढू नये, या वेगाच्या सूत्राचं हे सुरक्षेतलं रूप: जे दिसणार नाही ते पाठवू नये. जी माहिती संगणकात आलीच नाही ती कुठलाही प्रोग्राम चोरू शकत नाही, आणि खेळाडूच्या १६ मिलिसेकंदांना यासाठी धक्का लागत नाही.

धक्का सर्व्हरला लागतो. हा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा सामन्याची स्थिती नव्याने मोजतो. एका फेरीला ७.८ मिलिसेकंद. एका कोअरवर तीनहून अधिक सामने बसवायचे तर एका सामन्याच्या वाट्याला येतात २.३४ मिलिसेकंद. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट गेम्सच्या अभियंत्यांनी काम सुरू केलं तेव्हा एका फेरीला ५० मिलिसेकंद लागत होते. त्यांनी केलेली एक काटकसर मला विशेष आवडते. सामन्यातल्या प्रत्येक डावाच्या सुरुवातीला खेळाडू हत्यारं विकत घेत असतात आणि कुणी कुणाला मारू शकत नाही. तेवढ्या वेळात सर्व्हरने हातापायांच्या हालचाली मोजणंच बंद ठेवलं. गोळी कुठे लागली हे ठरवायला त्या हालचाली लागतात. गोळीच सुटणार नसेल तर मोजायच्या कशाला? एरवीही त्या दर चौथ्या फेरीला मोजल्या जातात आणि मधल्या अंदाजाने भरल्या जातात.

कुलूप असं सर्व्हरवर आलं, आणि त्याबरोबर खेळ विजेच्या आणि मालकाच्या हाती गेला. विजेची बाजू भक्कम आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा दिवसांसाठीच डेटा सेंटरच्या अंगणात ते जनरेटर रांगेने उभे असतात. बॅटऱ्या मधल्या काही क्षणांचा भार घेतात आणि मग डिझेल सुरू होतं.

मालकाची बाजू तितकी भक्कम नाही. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि जवळजवळ दहा वर्षांपूर्वी पैसे देऊन घेतलेला खेळ एका रात्रीत निकामी झाला, एकट्याने खेळायचा भागसुद्धा. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून स्टीम पैसे घेताना स्पष्ट लिहू लागलं की तुम्ही विकत घेता तो वापराचा परवाना आहे. गॉग या पोलंडच्या दुकानाची रीत वेगळी: इन्स्टॉलर फाइल तुम्ही पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, तिला कुलूप नाही. ‘सायबरपंक २०७७’सारखा प्रचंड खर्चाचा खेळ २०२० मध्ये तिथे पहिल्या दिवसापासून असाच विकला गेला. युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेच्या अर्जाने २०२५ च्या जुलैमध्ये दहा लाख सह्या ओलांडल्या. मागणी एवढीच की सर्व्हर बंद करताना खेळ चालू राहील अशा स्थितीत सोडा. सह्या पुऱ्या होण्याच्या आधीच, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, युबिसॉफ्टने ‘द क्रू २’ आणि ‘मोटरफेस्ट’ सर्व्हरशिवाय खेळता येतील अशी सोय करणार असल्याचं जाहीर केलं होतं.